उदाहरण चुकले, तत्त्व टिकले : ख्रिस्तियान डॉप्लर

सोनोग्राफी केंद्राबाहेरच्या फलकावर 'कलर डॉप्लर' ही अक्षरे अनेकांनी वाचलेली असतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्यानंतर 'डॉप्लर रडार' हा शब्दही मुंबईकरांच्या बोलण्यात रुळला. रुग्णाच्या धमनीतील रक्ताचा वेग मोजणारे यंत्र आणि ढगांतील थेंबांचा वेग टिपणारे यंत्र, दोन्हींना एकाच माणसाचे नाव आहे. ढगांच्या वरून, रात्रीच्या अंधारातही पृथ्वीची प्रतिमा काढणारे रडार उपग्रहदेखील त्याच माणसाच्या विचारावर चालतात. या उपग्रहांचे काम सामान्य प्रेक्षकाला समजावून देणाऱ्या चित्रफितींमध्ये रेल्वेची शिट्टी किंवा रुग्णवाहिकेचा भोंगा हमखास ऐकू येतो. गाडी जवळ येताना स्वर चढतो, दूर जाताना उतरतो. ज्यांनी हा नियम मांडला ते ख्रिस्तियान डॉप्लर मात्र तो कुणाला दाखवू अथवा ऐकवू शकले नव्हते. नियमाच्या पुष्टीसाठी त्यांनी जे उदाहरण निवडले, तेही चुकीचे होते.

ख्रिस्तियान आन्द्रेआस डॉप्लर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथे झाला. घराणे पाथरवटांचे. सतराव्या शतकापासून दगडकामाचा व्यवसाय त्यांच्या घरात चालत आलेला होता आणि त्यात कुटुंबाने चांगला जम बसविला होता. ज्या चौकात त्यांचे घर होते, त्याच चौकात मोझार्ट कुटुंबाचे जुने निवासस्थान होते. धाकट्या ख्रिस्तियाननेही छिन्नी-हातोडा हाती घ्यावा, ही अपेक्षा स्वाभाविक होती. परंतु त्याची प्रकृती लहानपणापासून नाजूक. दगड फोडण्याचे काम त्याला झेपणार नाही हे वडिलांच्या ध्यानी आले. मुलाचे पुढे काय करावे, हा प्रश्न घेऊन ते साल्झबुर्गमधील गणिताचे अध्यापक झिमोन श्टाम्फर यांच्याकडे गेले. मुलाची गणितातील गती पाहून श्टाम्फर यांनी त्याला व्हिएन्नाच्या तंत्रशिक्षण संस्थेत धाडण्याचा सल्ला दिला. १८२२ मध्ये डॉप्लर व्हिएन्नात दाखल झाले.

या श्टाम्फर यांची आणखी एक ओळख सांगितली पाहिजे. १८३२-३३ च्या सुमारास त्यांनी एक फिरती तबकडी तयार केली. तिच्यावर एकाच हालचालीच्या क्रमवार अवस्थांची चित्रे काढलेली असत. फटींतून पाहत तबकडी फिरविली की ती चित्रे हलू लागत. बेल्जियममध्ये योझेफ प्लाटो यांनीही त्याच काळात स्वतंत्रपणे तसेच साधन बनविले होते. आजच्या चलचित्राच्या पूर्वजांमध्ये या तबकडीची गणना होते.

डॉप्लर यांचे शिक्षण सरळ रेषेत झाले नाही. तंत्रशिक्षण अर्ध्यावर टाकून ते साल्झबुर्गला परतले, राहिलेला शालेय अभ्यास पुरा केला आणि पुन्हा व्हिएन्नाला जाऊन विद्यापीठात गणित, यामिकी व खगोलशास्त्र शिकले. १८२९ मध्ये त्यांना उच्च गणिताच्या प्राध्यापकाचा साहाय्यक म्हणून काम मिळाले, पण ते पद चार वर्षांपुरतेच होते. मुदत संपली आणि तिशीतले डॉप्लर बेकार झाले. जागोजागी अर्ज पाठवायचे, स्पर्धापरीक्षा द्यायच्या आणि वाट पाहायची, असे दिवस सुरू झाले. पोटासाठी त्यांनी सुमारे दीड वर्ष एका सूतगिरणीत हिशेबनिसाची नोकरी केली.

१८३५ मध्ये त्यांनी मायदेश सोडून अमेरिकेला जाण्याचे ठरविले. सामानसुमान विकून ते म्युनिकला अमेरिकी वकिलाच्या भेटीलाही जाऊन आले. एवढ्यात प्राग येथील माध्यमिक तंत्रशाळेतून शिक्षकाच्या जागेसाठी बोलावणे आले आणि अमेरिकेचा बेत रहित झाला. पुढच्या वर्षी साल्झबुर्गमधील एका सोनाराच्या कन्येशी, माटिल्डे स्टुर्म यांच्याशी, त्यांचा विवाह झाला. या दाम्पत्याला पाच अपत्ये झाली.

प्रागमध्ये डॉप्लर हळूहळू वर चढत गेले. १८४१ मध्ये तेथील तंत्रशिक्षण संस्थेत ते पूर्णवेळ प्राध्यापक झाले. अध्यापनाचा बोजा मात्र त्यांच्या प्रकृतीला न पेलणारा होता. शेकडो विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा एकट्याने घ्याव्या लागत. परीक्षा फार कठोर घेतात, अशी तक्रार विद्यार्थ्यांनी केली, चौकशी झाली आणि डॉप्लर यांना समजही मिळाली. फुप्फुसाचा विकार बळावल्याने त्यांना दीर्घ रजा घ्यावी लागली. अशा धकाधकीतही त्यांचे संशोधन सुरू होते. गणितज्ञ व तत्त्वचिंतक बर्नार्ड बोल्झानो यांच्यासारखा जाणता पाठीराखा त्यांना प्रागमध्येच लाभला होता.

२५ मे १८४२ रोजी प्रागच्या राजेशाही बोहेमियन विज्ञान सभेत मोजक्या श्रोत्यांपुढे डॉप्लर यांनी जोडताऱ्यांच्या रंगीत प्रकाशाविषयीचा आपला निबंध वाचला. त्यातील युक्तिवाद समजायला सोपा होता. समुद्रात लाटांना सामोऱ्या जाणाऱ्या जहाजावर ठरावीक वेळात जास्त लाटा आदळतात, लाटांच्याच दिशेने जाणाऱ्या जहाजावर कमी. लाटा त्याच, फरक पडतो तो जहाजाच्या गतीमुळे. ध्वनी आणि प्रकाश हेही तरंगच असतील, तर त्यांनाही हाच न्याय लागू व्हायला हवा. उगम आणि निरीक्षक एकमेकांच्या जवळ येत असतील तर दर सेकंदाला पोहोचणारी कंपने वाढतील, म्हणजे स्वर चढेल, प्रकाश जांभळ्या टोकाकडे सरकेल. ते दूर जात असतील तर स्वर उतरेल, प्रकाश तांबड्याकडे झुकेल.

येथपर्यंत सारे बिनचूक होते. पुढचे पाऊल चुकले. एकमेकांभोवती फिरणारे काही जोडतारे वेगवेगळ्या रंगांचे दिसतात, त्याचे कारण त्यांची गती, असे डॉप्लर यांनी मांडले. तारे मुळात पांढरे किंवा किंचित पिवळसरच असतात, असे त्यांनी गृहीत धरले होते. वास्तविक ताऱ्याचा रंग मुख्यतः त्याच्या पृष्ठभागाच्या तापमानावर अवलंबून असतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. त्यापुढे ताऱ्यांच्या गती इतक्या अल्प पडतात की डोळ्यांना रंगबदल जाणवणे शक्य नाही. शिवाय वर्णपटाचा एक भाग दृश्य पट्ट्याबाहेर सरकला, तर दुसऱ्या टोकाने अदृश्य प्रकाश आत येऊन ती जागा भरून काढतो. अशा रीतीने खरा नियम खोट्या दाखल्यासह जगापुढे आला. दाखला खोडला की नियमही खोडला जातो, असे मानणारे टीकाकार त्यामुळे सहज मिळाले.

नियम ऐकवून दाखविण्याचे काम केले ते हॉलंडच्या एका तरुण शास्त्रज्ञाने. वाऱ्यांच्या दिशेविषयीच्या नियमामुळे पुढे भूगोलाच्या पुस्तकांत गेलेले बाइज बॅलट, ते हेच. ताऱ्यांच्या रंगांची उपपत्ती त्यांना मान्य नव्हती, परंतु ध्वनीच्या बाबतीत परीक्षा घेणे शक्य आहे हे त्यांनी ओळखले. रेल्वे तेव्हा नवी होती आणि माणसाला इतक्या वेगाने नेणारे दुसरे वाहन नव्हते. १८४५ च्या फेब्रुवारीत उट्रेख्त ते मार्सेन या लोहमार्गावर त्यांनी पहिला प्रयत्न केला, तो खराब हवामानामुळे फसला. जूनमध्ये प्रयोग पुन्हा झाला. गाडीवर तुतारीवादक बसविले होते, रुळालगत स्वरज्ञान पक्के असलेले श्रोते उभे केले होते. वादकांनी एकच स्वर धरायचा आणि गाडी समोरून जाताना श्रोत्यांनी तो ओळखायचा. नंतर अदलाबदल करून वादक खाली आणि श्रोते गाडीवर, असेही झाले. ताशी साधारण ७० किलोमीटर वेगाने येणाऱ्या गाडीवरील स्वर डॉप्लर यांच्या सूत्रानुसार सुमारे अर्ध्या स्वराने चढलेला ऐकू यायला हवा. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर षड्ज लावला असता कोमल ऋषभाच्या जवळ जावा, इतका. श्रोत्यांच्या कानांनी या सूत्राला दुजोरा दिला. बाइज बॅलट यांनी ध्वनीपुरता नियम मान्य केला, ताऱ्यांविषयीचा आक्षेप मात्र सोडला नाही. दोन्ही बाबतींत ते बरोबर होते.

प्रकाशाच्या बाबतीत योग्य दिशा दाखविली फ्रान्सच्या इपोलिट फिझो यांनी. ताऱ्याचा रंग पाहू नका, त्याच्या वर्णपटातील काळ्या रेषा किती सरकल्या ते पाहा, असे त्यांनी १८४८ मध्ये स्वतंत्रपणे सुचविले. ती सूक्ष्म मोजमापे करण्याइतकी साधने मात्र त्या काळी तयार नव्हती.

दरम्यान डॉप्लर यांच्या आयुष्याची फरफट चालूच होती. १८४७ मध्ये ते शेम्निट्झ येथील खाण व वनविद्या अकादमीत गेले. हे गाव आज स्लोव्हाकियात आहे. वर्षभरात १८४८ च्या क्रांतीची धामधूम उसळली आणि त्यांना ते सोडावे लागले. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीचे सदस्यत्व आणि प्राग विद्यापीठाची सन्माननीय डॉक्टरेट त्यांना मिळाली. १८४९ मध्ये व्हिएन्नाच्या तंत्रशिक्षण संस्थेत त्यांची नेमणूक झाली, तीही निवृत्त झालेल्या श्टाम्फर यांच्या जागेवर. ज्यांनी वाट दाखविली त्यांच्याच खुर्चीवर शिष्य बसला. १७ जानेवारी १८५० रोजी सम्राट फ्रान्झ योझेफ यांनी व्हिएन्ना विद्यापीठात नव्याने स्थापन होणाऱ्या भौतिकी संस्थेचे पहिले संचालक म्हणून डॉप्लर यांना नेमले. तेथे १८५१ पासून प्रायोगिक भौतिकीच्या त्यांच्या व्याख्यानांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांत ब्र्युन्न येथील मठातून आलेला एक तरुण धर्मसेवक होता. त्याचे नाव ग्रेगोर मेंडेल. वाटाण्याच्या रोपांवरील प्रयोगांतून आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल ते हेच.

सूतगिरणीतल्या हिशेबनिसाला अखेर मानाचे स्थान मिळाले होते. ते सुख मात्र फार टिकले नाही. १८५२ मध्ये व्हिएन्नाच्या अकादमीतच योझेफ पेट्झवाल यांनी डॉप्लर यांच्या नियमावर हल्ला चढविला. पेट्झवाल हे साधे नाव नव्हते. १८४० मध्ये त्यांनी गणिताच्या बळावर सिद्ध केलेल्या भिंगामुळे छायाचित्रणाला लागणारा वेळ मोठ्या प्रमाणात घटला होता आणि माणसांची चित्रे टिपणे सुकर झाले होते. दोन ओळींच्या सोप्या समीकरणातून निसर्गाचा मोठा नियम निघूच शकत नाही, त्याला विकलक समीकरणांचा भक्कम पाया हवा, अशी त्यांची भूमिका होती. वारा कितीही वाहिला तरी वाद्यवृंदाचा स्वर बदलत नाही, हे ते गणिताने दाखवीत. हे म्हणणे त्याच्या जागी खरेच आहे. वादक आणि श्रोता दोघेही स्थिर असताना मधल्या हवेच्या वाहण्याने स्वर बदलत नाही. डॉप्लर मात्र उगमाच्या किंवा श्रोत्याच्या गतीविषयी बोलत होते. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हा साधा भेद त्या वादाच्या गदारोळात हरवला. आन्द्रेआस फॉन एटिंग्सहाउझेन यांनी डॉप्लर यांची बाजू घेतली, पण पेट्झवाल यांच्या अधिकारवाणीचे वजन मोठे होते.

वाद रंगला तेव्हा डॉप्लर यांचे आजारपण विकोपाला गेले होते. उबदार हवेत बरे वाटेल या आशेने १८५२ च्या नोव्हेंबरात ते तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात असलेल्या व्हेनिसला गेले. प्रकृतीला उतार पडला नाही. १७ मार्च १८५३ रोजी, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी, व्हेनिसमध्येच त्यांचे निधन झाले. तेथील सॅन मिकेले या दफनभूमीच्या बेटावर त्यांचे स्मारक आहे. आपला नियम मान्य झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

न्याय हळूहळू मिळत गेला. १८६० मध्ये तरुण एर्न्स्ट माख यांनी एका लांब नळीच्या टोकाला शिट्टी बसवून ती गोल फिरविली. फिरण्याच्या पातळीत उभ्या असलेल्या माणसाला स्वर सतत चढता-उतरता ऐकू येई, आसाच्या रेषेत उभ्या असलेल्याला तो स्थिर वाटे. रेल्वे आणि तुताऱ्या न आणता एका खोलीत वादाचा निकाल लागला. १८६८ मध्ये विल्यम हगिन्स यांनी व्याध ताऱ्याच्या वर्णपटातील रेषेचे सरकणे मोजून त्याचा वेग काढण्याचा प्रयत्न केला. १९१२ मध्ये व्हेस्टो स्लायफर यांनी देवयानी दीर्घिकेचा वेग याच मार्गाने मोजला. दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत, हा १९२९ चा एडविन हबल यांचा निष्कर्षही वर्णपटाच्या तांबड्याकडे सरकण्यावरच उभा होता.

डॉप्लर यांच्या नियमाचा सर्वांत अनपेक्षित उपयोग झाला तो पृथ्वीची प्रतिमा काढण्यासाठी. रडार आपल्याच रेडिओ लहरी पाठविते आणि परतलेला प्रतिध्वनी टिपते. त्याला सूर्यप्रकाश लागत नाही आणि या लांबीच्या लहरींना ढगांचा अडथळा होत नाही. प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून वस्तूचे अंतर कळते. अडचण आहे ती दिशेची. अमेरिकेने जून १९७८ मध्ये सोडलेल्या 'सीसॅट' उपग्रहाचे उदाहरण घ्यावे. त्याच्या रडारची अँटेना १० मीटरहून थोडी अधिक लांब होती आणि लहरींची लांबी सुमारे २३ सेंटिमीटर. सुमारे ८०० किलोमीटर उंचीवरून टाकलेला असा झोत जमिनीवर पोहोचेपर्यंत उपग्रहाच्या प्रवासाच्या दिशेने सुमारे १८ किलोमीटर फाकतो. म्हणजे १८ किलोमीटरच्या पट्ट्यात पुढे काय आणि मागे काय, हे सांगता येऊ नये. पनवेल आणि बेलापूर एकाच ठिपक्यात मिसळावेत, असा हा प्रकार.

सुटका डॉप्लर यांच्या शिट्टीने होते. उपग्रह सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असतो. झोतातील जी जागा पुढे आहे तिच्याजवळ तो येत असतो, म्हणून तिचा प्रतिध्वनी किंचित चढ्या पट्टीत परततो. मागे पडलेल्या जागेचा उतरत्या पट्टीत येतो. अगदी बाजूला असलेल्या जागेचा तसाच राहतो. फरक अतिसूक्ष्म असतो. 'सीसॅट'च्या लहरी सेकंदाला सुमारे १२७ कोटी कंपने करीत आणि त्यांत पडणारा फरक काही शेकड्यांचा. परंतु प्रत्येक जागेचा प्रतिध्वनी झोतात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत आधी चढा, मग सम, मग उतरता, असा ठरलेल्या क्रमाने बदलतो. संगणक हा सारा क्रम नोंदवून प्रतिध्वनी वेगळे करतो आणि एकेका जागेला तिचे स्थान देतो. १८ किलोमीटरचा धूसर पट्टा अशा रीतीने २५ मीटरच्या तपशिलात उलगडला गेला. कित्येक किलोमीटर लांबीची अँटेना आकाशात नेली असती तर जे साधले असते, ते धावत्या लहान अँटेनाने साधले. म्हणूनच या तंत्राला सिंथेटिक अपर्चर रडार म्हणतात. त्याची मूळ कल्पना १९५१ मध्ये अमेरिकी अभियंते कार्ल वायली यांना सुचली होती, ती डॉप्लर परिणामाचाच विचार करताना.

या प्रतिमा छायाचित्रांसारख्या वाचायच्या नसतात. त्यांत उजेड म्हणजे परतलेला प्रतिध्वनी. संथ पाणी आरशासारखे लहरी दुसरीकडे परावर्तित करते, म्हणून ते काळे दिसते, तर इमारतींचे कोपरे लखलखतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व पंचगंगेच्या महापुराने सांगली-कोल्हापूरला वेढले तेव्हा आकाश ढगांनी झाकलेले होते. अशा वेळी कुठली शेती आणि कुठल्या वस्त्या पाण्याखाली आहेत हे रेखाटण्यासाठी युरोपच्या 'सेंटिनेल-१' उपग्रहाच्या रडार प्रतिमांतील हाच काळा रंग उपयोगी पडतो. भारताने २६ एप्रिल २०१२ रोजी 'रिसॅट-१' हा स्वतःचा रडार उपग्रह सोडला. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून 'इस्रो' आणि 'नासा' यांचा संयुक्त 'निसार' उपग्रह झेपावला. त्याच्यावर दोन वेगवेगळ्या तरंगलांबींची रडारे आणि १२ मीटर व्यासाची जाळीदार अँटेना आहे. दर १२ दिवसांनी त्याच मार्गावर परतून, आधीच्या व नंतरच्या प्रतिमांची तुलना करून जमिनीची काही सेंटिमीटरची हालचालही टिपता यावी, अशी त्याची रचना आहे.

हे सारे एखाद्या चित्रफितीत पाहताना प्रेक्षकाला गाडीची शिट्टी ऐकू येते, उपग्रह सरकताना दिसतो आणि दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी विद्वानांनाही न उलगडलेली गोष्ट दोन मिनिटांत पटते. त्या दोन मिनिटांत व्हिएन्नाचे तिघे जण हजर असतात. पडद्यावरच्या हालचालीमागे श्टाम्फर यांची फिरती तबकडी असते, चित्र टिपणाऱ्या भिंगांच्या वंशावळीत पेट्झवाल यांचे भिंग असते आणि जे सांगायचे आहे ते डॉप्लर यांचे असते. अकादमीतील १८५२ च्या वादात एकमेकांसमोर उभे ठाकलेले दोघे तेथे एकाच कामाला लागलेले असतात. डॉप्लर यांच्यापाशी मात्र निबंध वाचताना लाटा कापणाऱ्या जहाजाचे एक शब्दचित्र तेवढे होते. ताऱ्यांचा दाखला कालांतराने गळून पडला, त्या जहाजाचा आजही तंतोतंत लागू पडतो.